कांडीवरचा ठिपका

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला इथं बोलावतात ते बहुधा कवितेवर बोलायला. आज मात्र मी माझ्या अधिकाराबाहेरच्या विषयावर बोलणार आहे. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाचं पुस्तक दहावीनंतर मिटलं ते मिटलंच. तरीही गेली दोन-तीन वर्षं मी पेशीच्या आत चालणाऱ्या एका बारीकशा कामाबद्दल वाचतो आहे, विचारतो आहे, वहीत टिपून ठेवतो आहे. त्याचं कारण घरचं आहे.

माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, सात वर्षांची आहे. जन्मली तेव्हा तिला दूध ओढता येत नव्हतं. हातपाय कापसाच्या बाहुलीसारखे सैल. मान उशिरा धरली, चालली उशिरा, बोलली त्याहून उशिरा. डोळे मात्र लांबट, टपोरे, आणि भुवया कुणी कोरून काढाव्यात अशा. बघणारे म्हणायचे, काय सुंदर डोळे आहेत पोरीचे! बोटांच्या टोकांना छोट्या छोट्या गाद्या आहेत. आम्ही त्या गाद्यांचे लाड करायचो. पुढं कळलं, की जाणत्या डॉक्टरांना आजार ओळखू येतो तो याच डोळ्यांवरून आणि याच बोटांवरून.

निदान व्हायला चार वर्षं लागली. या चार वर्षांत माझ्या मुलीला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच होता, 'हे कुणाकडून आलं?' सासरी विचारलं, माहेरी विचारलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनंही विचारलं. एका मोठ्या दवाखान्यात तर केसपेपरवरचं नाव वाचून, मान वर न करता डॉक्टर म्हणाले, 'तुमच्यात नात्यात लग्नं होतात ना, त्याचंच हे.' माझ्या मुलीचं आणि जावयांचं लग्नाआधी काहीही नातं नव्हतं. दोन वेगळ्या जिल्ह्यांतली घरं. पण ती तिथं काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर रडली. मी तिच्याशेजारी बसलो होतो. शब्दांवर जगणारा माणूस मी, पण त्या वेळी माझ्याकडे एकही शब्द नव्हता.

मग एका तरुण डॉक्टर बाईंनी आई, वडील आणि मुलगी अशा तिघांचं रक्त तपासायला पाठवलं. महिन्याभरानं कागद आला. त्यावर आजाराचं नाव होतं काबुकी सिंड्रोम. जनुकाचं नाव होतं केएमटी२डी. आणि पुढं दोन शब्द होते, 'डी नोव्हो'. लॅटिन शब्द. अर्थ, नव्यानं. म्हणजे हा बदल आईत नाही, बापात नाही. तो याच मुलीत पहिल्यांदा झाला.

'कुणाकडून आलं' याचं उत्तर 'कुणाकडूनच नाही' असंही असू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

आमच्या शेजारी जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई राहतात. मी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, बाई, हे जनुक करतं तरी काय? त्या म्हणाल्या, 'ते एक विकर तयार करतं. ते विकर हिस्टोन नावाच्या प्रथिनावर मिथाइलची खूण ठेवतं.' मी म्हटलं, 'आता हेच मराठीत सांगा.' त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'तुमचे वडील मागावर होते ना? मग तुम्हाला लवकर कळेल.'

खरंच लवकर कळलं. माझं लहानपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. शाळेतून आल्यावर मी कांड्या भरायचो. कांडी म्हणजे लाकडाची छोटी दांडी, तिच्यावर सूत गुंडाळायचं, ती धोट्यात बसवायची आणि धोटा मागावर इकडून तिकडे पळायचा. मैलभर सूत मोकळं सोडलं तर त्याचा गुंता होणार. कांडीवर गुंडाळलं तर ते खिशात मावतं.

आपल्या प्रत्येक पेशीत असंच सूत आहे. त्याला डीएनए म्हणतात. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर तो सुमारे दोन मीटर भरतो. आणि त्याला राहायला मिळालेली खोली, म्हणजे पेशीचं केंद्रक, एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. तेव्हा सूत गुंडाळणं आलंच. त्यासाठी पेशीनं कांड्या केल्या आहेत. आठ हिस्टोन प्रथिनं एकत्र येऊन एक कांडी होते. तिच्याभोवती डीएनएचे पावणेदोनच्या आसपास वेढे पडतात. एवढ्या वेढ्यांत डीएनएच्या अक्षरांच्या साधारण १४७ जोड्या मावतात. मग थोडं मोकळं सूत, मग पुढची कांडी. एका पेशीत अशा तीन कोटींच्या आसपास कांड्या असतात.

हिस्टोन माणसाला माहीत झालं ते १८८४ मध्ये. आल्ब्रेख्त कोसेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हंसाच्या, म्हणजे बदकाच्या जातीतल्या मोठ्या पक्ष्याच्या, रक्तपेशींतून ते वेगळं काढलं. पण पुढं कितीतरी वर्षं लोकांना वाटत होतं, की हिस्टोन म्हणजे नुसतं सामान बांधायचं सुतळ-गोणपाट. कांडीला कोण विचारतो? किंमत सुताची. रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये ही कांडीची रचना मांडली आणि १९९७ मध्ये झुरिकच्या शास्त्रज्ञांनी तिचं अणू-अणूपर्यंतचं चित्र मिळवलं. त्या चित्रात दिसतं, की कांडीतून प्रथिनांच्या शेपट्या बाहेर आलेल्या आहेत. घट्ट गुंडाळलेल्या सुताच्या फटींतून बाहेर डोकावणाऱ्या.

आजचा विषय या शेपट्यांवरच आहे.

आमच्याकडे वेगवेगळ्या नंबरचं सूत यायचं. कांड्या मिसळल्या तर कापड बिघडणार. म्हणून अब्बा कांडीच्या टोकाला रंगाचा ठिपका लावायचे. लाल ठिपका, हे सूत आज मागावर चढवायचं. निळा ठिपका, हे बाजूला ठेवायचं. ठिपक्यानं सूत बदलत नाही. त्या सुताचं आज काय करायचं, ते बदलतं.

पेशीतही हेच चालतं. माणसाच्या डीएनएत सुमारे वीस हजार जनुकं अशी आहेत की ज्यांवरून प्रथिनं तयार होतात. ही सगळी जनुकं डोळ्याच्या पेशीत असतात, यकृताच्या पेशीत असतात आणि मेंदूच्या पेशीतही असतात. ग्रंथ एकच. पण डोळ्यानं त्यातली एक पानं वाचायची, यकृतानं दुसरी. कुठलं पान उघडं ठेवायचं आणि कुठलं मिटायचं, हे सांगणाऱ्या अनेक खुणा असतात. त्यांपैकी एक खूण म्हणजे मिथाइल.

मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन. बस्स, चार अणू. ज्या हिस्टोनवर तो बसतो, त्याच्या वजनाच्या साधारण हजाराव्या भागाइतकं त्याचं वजन. या शब्दाची कुळकथा मला फार आवडली. ड्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकात लाकडाच्या अर्कावर काम करताना ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले. 'मेथी' म्हणजे मद्य आणि 'हुले' म्हणजे लाकूड. त्यातून हे नाव आलं. आणि हा ग्रीक 'मेथी' आपल्या संस्कृत 'मधु'चा सख्खा नातेवाईक आहे. आपल्या भाजीतल्या मेथीशी त्याचा संबंध नाही, हे आधीच सांगतो. कारण मी स्वतः तो जोडून बसलो होतो.

आता हा ठिपका लागतो कसा? हिस्टोनची शेपटी ही अमिनो आम्लांची माळ असते. तिच्यातल्या एका मण्याचं नाव लायसिन. लायसिनला एक लांब हात असतो आणि त्या हाताच्या टोकाला नायट्रोजन. मिथाइल बसतो तो या नायट्रोजनवर. तो आपोआप येऊन बसत नाही. त्याला पाठीवर घेऊन हिंडणारा एक रेणू पेशीत असतो. त्याचं नाव मोठं आहे, एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन. शास्त्रज्ञही त्याला लाडानं 'सॅम' म्हणतात. आपण खाल्लेल्या अन्नातल्या मेथिओनिनपासून पेशी तो बनवते. त्याच्यातल्या गंधकाच्या अणूवर मिथाइल बसलेला असतो, पण बैठक काही सुखाची नसते. गंधकावर आधीच भार जास्त झालेला असतो. कुणी योग्य गिऱ्हाईक भेटलं, तर ते ओझं उतरवायला तो तयारच असतो.

ही गाठ घालून देतं ते विकर. विकराच्या अंगात एक खोबण असते. तिला दोन बाजूंनी दारं. एका दारातून सॅम येऊन बसतो. समोरच्या अरुंद बोळातून लायसिनचा हात आत येतो. दोघं समोरासमोर आले की गंधकाकडचा मिथाइल नायट्रोजनकडे जातो. सॅम रिकामा होऊन बाहेर पडतो. शेपटीवर ठिपका लागलेला असतो. एका नायट्रोजनवर एक, दोन किंवा जास्तीत जास्त तीन मिथाइल बसू शकतात. किती बसवायचे हेही त्या खोबणीची रुंदी ठरवते. आणि शेपटीवरचा कितवा लायसिन, हे तर फारच महत्त्वाचं. हिस्टोन तीनच्या शेपटीवर चौथ्या लायसिनला मिथाइल लागला तर बहुधा त्याचा अर्थ, इथलं पान उघडं ठेवा. नवव्या किंवा सत्ताविसाव्याला तीन लागले तर अर्थ, हे मिटा. चार अणूंचा तोच ठिपका. जागा बदलली की अर्थ उलटा.

मला इथं लगेच आपली लिपी आठवली. 'वश' लिहा आणि डोक्यावर एक अनुस्वार द्या, 'वंश' होतो. उर्दूत तर एकच नुक्ता अक्षराच्या वर दिला तर 'खुदा' आणि पोटात दिला तर 'जुदा'. मी ही उपमा मोठ्या हौसेनं बाईंना ऐकवली. त्या म्हणाल्या, 'छान आहे, पण चूक आहे. अनुस्वारानं शब्दच बदलतो. इथं शब्द बदलत नाही. ठिपका अक्षरावर नाही, कांडीवर आहे. तुमच्या वडिलांचीच उपमा बरोबर.' कवीला उपमा मागं घ्यायला जड जातं. मी घेतली.

शब्द शाबूत राहूनही तो न वाचला जाणं म्हणजे काय, हे एका माशीनं शास्त्रज्ञांना दाखवलं. हर्मन मुलर हे अमेरिकन शास्त्रज्ञ फळांवरच्या माशांवर क्ष-किरण सोडून बघत होते. १९३० मध्ये त्यांनी अशा माश्यांचं वर्णन केलं, ज्यांचे डोळे पूर्ण लाल नव्हते. लाल आणि पांढरे असे चट्टेपट्टे होते. लाल रंगाचं जनुक मोडलेलं नव्हतं. मोडलं असतं तर सगळा डोळा पांढरा झाला असता. झालं एवढंच होतं, की ते आपल्या जागेवरून सरकून गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागाशेजारी जाऊन पडलं होतं. काही पेशींत तो घट्टपणा त्याच्यावर पसरला आणि ते गप्प झालं. काही पेशींत ते वाचलं गेलं. चांगल्या माणसाला वाईट शेजार मिळावा, तसं.

मग प्रश्न आला, हा घट्टपणा आणतं कोण? शास्त्रज्ञांनी माशांमध्ये अशी जनुकं शोधली, जी बिघडली तर डोळा पुन्हा लाल होतो. त्यांतल्या एका जनुकाचा माणसातला भाऊबंद घेऊन व्हिएन्नात थॉमस येनूवाइन यांच्या प्रयोगशाळेत काम चाललं होतं. २००० मध्ये त्यांनी दाखवलं, की हे जनुक जे प्रथिन बनवतं ते हिस्टोनच्या नवव्या लायसिनवर मिथाइल बसवणारं विकर आहे. लायसिनवर ठिपका ठेवणारा हा पहिला सापडलेला हात. पुढच्याच वर्षी तो ठिपका वाचणारं प्रथिनही कळलं. ते येऊन ठिपक्याला चिकटतं, आपल्यासारख्याच दुसऱ्यांना बोलावतं आणि सूत तिथं घट्ट होतं. म्हणजे ठिपका स्वतः काही करत नाही. तो कुणीतरी वाचावा लागतो.

हिस्टोनवर मिथाइल असतो हे १९६४ पासून माहीत होतं. पण तो एकदा बसला की कायमचा, असं बहुतेकांना वाटे. आमची आई म्हणायची, तकदीर का लिखा. आमच्या शेजारच्या आजी म्हणायच्या, सटवाईनं कपाळावर लिहिलेलं. तसंच काहीसं. २००४ मध्ये हार्वर्डच्या यांग शी यांच्या गटानं हा ठिपका पुसणारं विकर शोधलं. चाळीस वर्षं जे पक्क्या शाईचं वाटत होतं, ते शिसपेन्सिलीचं निघालं.

आता माझ्या नातीकडे येतो.

काबुकी सिंड्रोमचं वर्णन १९८१ मध्ये जपानमधल्या निकावा आणि कुरोकी यांच्या दोन गटांनी वेगवेगळं केलं. या मुलांचे डोळे बघून त्यांना काबुकी नाटकातल्या नटांची रंगभूषा आठवली. त्यावरून हे नाव पडलं. जपानमधल्या पाहणीनुसार सुमारे ३२ हजार जन्मांत असं एक मूल असतं. कारण कळायला मात्र २०१० साल उजाडलं. अमेरिकेत सिएटलच्या शास्त्रज्ञांनी एकमेकांशी नातं नसलेल्या अशा दहा जणांच्या जनुकांचं वाचन केलं आणि त्यांतून जे जनुक पुढं आलं, ते आज केएमटी२डी या नावानं ओळखलं जातं. चौथ्या लायसिनवर, म्हणजे 'उघडं ठेवा'च्या जागी, ठिपका ठेवणाऱ्या विकराचं हे जनुक. दोन वर्षांनी दुसरं जनुक सापडलं. ते काय करतं? सत्ताविसाव्या लायसिनवरचा, म्हणजे 'मिटा'च्या जागचा, ठिपका पुसतं. एकात 'उघडा' ही खूण ठेवणारा हात कमी पडला. दुसऱ्यात 'मिटा' ही खूण पुसणारा हात कमी पडला. परिणाम एकच, उघडायला हवीत ती पानं वेळेवर पुरती उघडली नाहीत. म्हणून आजारही एकच. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. एवढी गोळीबंद मांडणी मी कवितेतही क्वचित पाहिली आहे.

केएमटी२डीचं प्रथिन अवाढव्य आहे. साडेपाच हजारांहून जास्त अमिनो आम्लांची माळ. माझ्या नातीच्या एका प्रतीत एका अक्षराच्या बदलामुळं मध्येच पूर्णविराम पडला आहे. वाक्य अर्ध्यावर संपतं आणि विकर पूर्ण तयारच होत नाही. दुसरी प्रत चांगली आहे, ती आपलं काम करते. पण दोन माणसांचं काम एकटा करतो तेव्हा ते पुरं पडत नाही. गर्भात शरीर घडत असताना हजारो पानं ठरल्या वेळी उघडावी लागतात. थोडी उघडली नाहीत, थोडी उशिरा उघडली. हृदय, कान, स्नायू, बोलणं, सगळ्यांत त्याचा थोडा थोडा वाटा गेला.

आता त्या डॉक्टरांच्या वाक्याकडे वळतो. नात्यातल्या लग्नांमुळं काही आजारांचा धोका वाढतो, हे खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. आई आणि वडील दोघांकडून एकाच जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच जे आजार होतात, ते हे. पण काबुकी त्या जातीचा नाही. इथं एकच प्रत बिघडणं पुरेसं असतं. क्वचित तो बाधित आईकडून किंवा वडिलांकडून येतो, म्हणून तर तिघांची तपासणी करतात. पण बहुतेक वेळा तो नव्यानं घडतो. कुठल्याही जातीत, कुठल्याही धर्मात, कुठल्याही घरात. आईनं काय खाल्लं, ती काय बघून घाबरली, ग्रहणात घराबाहेर गेली का, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. अब्जावधी अक्षरांची नक्कल करताना एक अक्षर चुकलं. मी आयुष्यभर मुद्रितं तपासत आलो आहे. ठाऊक आहे मला, अशी चूक कशी राहते ते. तिच्यात कुणाचं पाप नसतं.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. ठिपका पुसता येतो, हे बाहेर कळल्यापासून बाजारात त्याची दुकानं लागली आहेत. एक गृहस्थ माझ्या मुलीला पावडरीचे डबे द्यायला आले होते. म्हणाले, यानं मिथाइल वाढतो, मूल हुशार होतं. मी विचारलं, 'कितव्या लायसिनवर वाढतो? चौथ्या की सत्ताविसाव्या?' ते उठून गेले. आहारातल्या मेथिओनिनचा, फोलेटचा आणि ब-१२ जीवनसत्त्वाचा पेशीतल्या मिथाइलच्या पुरवठ्याशी संबंध आहे हे खरं. पण इथं अडचण पुरवठ्याची नाही. रंगाचा डबा भरलेला आहे, रंग लावणारा हात कमी आहे. डबा आणखी भरून काय होणार?

मग आशा नाहीच का? आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हान्स ब्योर्नसन यांच्या गटानं हाच बिघाड असलेल्या उंदरांवर काम केलं. या उंदरांच्या मेंदूत, स्मरणाशी निगडित भागात, नव्या पेशी कमी तयार होत होत्या. पानं उघडी ठेवणारी अ‍ॅसिटाइल नावाची आणखी एक खूण असते. ती पुसणाऱ्या विकराला अडवणारं औषध त्यांनी मोठ्या झालेल्या उंदरांना दिलं. नव्या पेशींची वाढ सुधारली आणि उंदरांची स्मरणशक्तीही सुधारली. हे काम उंदरांवरचं आहे. त्यावरून मी माझ्या नातीचं भविष्य सांगणार नाही. पण जन्मानंतर, वाढ झाल्यावरही काही पानं उघडता येऊ शकतात, एवढा विचार त्यानं माझ्या मनात रुजवला. मिथाइलचा ठिपका चुकीच्या जागी लागल्यानं वाढणारे काही कर्करोगही आहेत. तो ठेवणाऱ्या एका विकराला अडवणाऱ्या औषधाला २०२० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणजे या ठिपक्यांपर्यंत माणसाचा हात पोचू लागला आहे.

तोवर आम्ही जे हातात आहे ते करतो. हृदयाची तपासणी, कानांची तपासणी, व्यायाम, आणि आठवड्यातून दोनदा वाचा-उपचाराचा वर्ग. तिला तिथं न्यायचं काम माझं. तिला 'र' म्हणता यायला दीड वर्ष लागलं. तो आला त्या दिवशी घरी येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक गोष्टीत तिनं 'र' शोधला. रस्ता, रिक्षा, रताळं. रसाच्या गाड्यापाशी आम्ही थांबलो आणि तिनं स्वतः रस मागितला.

श्रोतेहो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या नात्यात, गल्लीत, ओळखीत असं एखादं मूल असेल. त्याच्या आईला 'कुणाकडून आलं' असं विचारू नका. तिनं तो प्रश्न स्वतःलाच रात्री हजारदा विचारलेला असतो. त्याऐवजी विचारा, उद्या दवाखान्यात सोबत कोण आहे? नसेल तर मी येऊ का?

माझ्या मुलीला हे विचारणारी पहिली बाई म्हणजे आमच्या शेजारच्या जीवशास्त्राच्या बाई. हिस्टोन त्यांनी मला नंतर शिकवलं. आधी त्या रिक्षात बसून सोबत आल्या.